वाऱ्याच्या नावाचं तिकीट

माओन बंदरात, बोटीतल्या टेबलावर,
काल सांडलेल्या ऑलिव्ह तेलाचा डाग टाळून
मी वही उघडतो.
डावीकडे बंदरं, वर तारखा, मधल्या चौकोनांत माणसं.
सगळं पेन्सिलीने.
एकदा एका वकिलाला मी शाईने
सोमवारी त्रापानीत उतरवला होता;
बुधवारी तो अजून समुद्रातच होता,
कठड्यावर ओणवा,
दोन उलट्यांच्या मध्ये खटल्याची तारीख पुटपुटत.

तर, पहिला बर्नात. दातांचा डॉक्टर.
त्याला कार्लोफोर्तेला उतरायचंय,
कारण शुक्रवारी सकाळी नऊ वाजता
कुणीतरी त्याच्या खुर्चीत आ वासून बसणार आहे.
कार्लोफोर्ते म्हणजे बेट. तिथून फेरी,
फेरीपुढे बस, बसपुढे काल्यारीचा विमानतळ,
मग बार्सिलोना, मग दुसरं विमान,
आणि मग पुन्हा हेच माओन,
हाच धक्का, हीच मांजरं.
एवढा उपद्व्याप कशासाठी, तर दोन रात्री
सुकाणूपाशी जागायला मिळाव्यात म्हणून.
मी त्याला वेडा म्हणत नाही.
मला माणसं लागतात.

त्याच्या जागेवर, गादी गार व्हायच्या आत, एफिसिया.
शाळेत भूगोल शिकवते
आणि उत्तर कुठे विचारलं की आधी सूर्य शोधते.
येताना मेंढीच्या दुधाचं चीज आणते,
चौथ्या दिवशी ते आपलं आपण चालू लागतं.

त्रापानीला नाझारेनो, मार्साश्लोकचा.
गावाच्या नावात श्लोक ऐकू येतो,
पण तिथल्या बोलीत तो आग्नेयेचा वारा.
फोनवर म्हणाला, "तिकिटं दोन काढलीत,
मंगळवारचं आणि गुरुवारचं.
एक माझं, एक वाऱ्याच्या नावाचं."
जेवण्याआधी पानाबाहेर
चित्राहुती घालावी, तसं.
विमान कंपनी ती शितं परत देत नाही.

आणि कालामाताहून स्तामातिआ
दर तासाला विचारते, नक्की कधी?
बोट आता तिची आहे.
पैसे पोचले, बोट पोचायचीय.
बाई, गाव विचार, सांगतो.
वार विचार, तोही सांगतो.
दोन्ही एका दमात नको.

संध्याकाळी अंदाज आला:
ल्योंच्या आखातातून मिस्त्राल सुटलाय,
बुधवारपर्यंत चाळीस नॉट.
खोडरबर.
बर्नात गुरुवारी सुटत नाही,
म्हणजे एफिसिया दोन रात्री आत्याकडे,
म्हणजे नाझारेनोचं मंगळवारचं तिकीट गेलं,
वाऱ्याच्या नावाचं तेच निघालं.
एक सरकला की सगळे सरकतात,
बाकड्यावर दाटीने बसलेल्यांसारखे,
आणि शेवटचा खाली पडतो.

शेवटचा मी.
माझ्या चौकोनात अजून काही नाही.
कालामाता ते माओन, एकेरी, सामान एक पिशवी.
बत्तीस वर्षं कमरेला असलेला सुरा
हातातून न्यायचा नाही म्हणे.
जाताना तीन आठवडे, येताना एक दुपार,
आणि खिडकीतून खाली पाहिलं तर
सगळं निळं, सपाट, बिनकामाचं.
तिकीट स्वस्त आहे.
मी बटणावर बोट ठेवतो,
काढून घेतो.

बर्नातचा फोन. "मग? निघायचं कधी?"
वाऱ्याने शिडाचे दोर डोलकाठीवर आपटायला लागलेत,
मला नीट ऐकू येत नाही, किंवा येतं.
खोडून खोडून गुरुवारच्या चौकोनाला भोक पडलंय.
त्यातून पुढच्या पानावरची यादी दिसते:
कांदे, दोर, टॉर्चचे सेल.
"कांदे घेऊन ये," मी म्हणतो.
"पाच किलो."